सदोष रिवाइंडिंग

एप्रिलमधल्या बाजाराच्या दिवशी, चांगलं ऊन तापलेलं असताना, चिचटोल्याचे सरपंच भय्याजी झंझाड एक टाइप केलेला कागद हातात धरून हिरालालच्या दुकानात शिरले. हिरालाल गजभिये तेव्हा एका जळक्या मोटारीत डोकं घालून बसला होता.

चौकातलं त्याचं दुकान म्हणजे टिनाची एक खोली. पंपाची मोटार जळली की शेतकरी ती बैलबंडीत घालून त्याच्याकडं आणी. तो करपलेली तार उपटून काढी, नवी तांब्याची तार भरी, वार्निश पाजी, उन्हात सुकवी आणि तिसऱ्या दिवशी मोटार परत विहिरीवर जाई. ते साल होतं चौऱ्याऐंशी. आजूबाजूच्या तीसेक गावांत विहिरी झाल्या होत्या, नदीवर पंप बसले होते, लोक उन्हाळी धान घ्यायला लागले होते. या सगळ्यांना वीज पुरवणारं गावाबाहेरचं सबस्टेशन मात्र तेरा वर्षांपूर्वी उभं राहिलं तसंच होतं. तेव्हा शंभरभर पंप होते, आता नऊशेच्या वर झाले होते, आणि ट्रान्सफॉर्मर तोच एक. दुपारी सगळ्यांचे पंप चालू झाले की चारशे व्होल्टच्या जागी दोनशे नव्वद यायचे. मोटार गुरगुरायची, तापायची आणि जळायची.

"तुझं नाव नाही याच्यात," भय्याजी म्हणाले, "पण आहे तुझ्याबद्दलच. वाच."

गावानं दोन वर्षं अर्ज केले होते की सबस्टेशनची ताकद वाढवा, दुसरा मोठा ट्रान्सफॉर्मर द्या. त्याचं हे उत्तर होतं. खाली विजेच्या बोर्डाच्या डिप्टी इंजिनिअर साहेबांची सही होती. हिरालालनं हात पुसले आणि वाचलं : 'सबब, मोटारी जळण्याचे कारण विजेचा दाब कमी असणे हे नसून स्थानिक, अप्रशिक्षित कारागिरांचे सदोष रिवाइंडिंग हे आहे. उपकेंद्राची क्षमता पुरेशी असून क्षमतावाढीचा प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे.'

त्यानं ते दोनदा वाचलं. 'स्थानिक कारागीर' म्हणजे कोण? दहा कोसांत रिवाइंडिंग करणारा तो एकटाच होता.

"अप्रशिक्षित?" तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "दोन वरसं भंडाऱ्याले आयटीआय केली मी. चार वरसं नागपूरले वर्कशॉपमधी हात काळे केले. हा डिप्टी माझ्या दुकानात एक दिवस तरी आला का, भय्याजी? माझं काम पाह्यलं का त्यानं?"

"मले माहीत आहे गा."

"तुमाले माहीत आहे. बाकीच्याईले?"

बाकीच्यांना ते पत्र संध्याकाळपर्यंत ठाऊक झालं. कागदावर टाइप केलेलं आणि शिक्का मारलेलं खोटं असेल, असं लोकांना सहसा वाटत नाही. दुसऱ्याच दिवशी केशवराव आपली मोटार घेऊन दुकानासमोरून गेले. बंडी थांबवली नाही. मोटार भंडाऱ्याला न्यायची होती. केशवराव गावातले मोठे शेतकरी; सहा वर्षं त्यांची प्रत्येक मोटार हिरालालनं भरली होती. मागून कुणीतरी हसत म्हणालं, "जळवणारा बी हाच आन भरणारा बी हाच! धंदा बरा आहे." हिरालालनं ते ऐकलं. हातातली पक्कड त्यानं खाली ठेवली, कारण ती फेकावीशी वाटली होती.

घरी बायकोनं, वच्छलानं, ताट वाढलं. तो जेवला नाही.

"अजी, गेला तो कागद चुलीत," ती म्हणाली. "लोकाईच्या मोटारी जळल्या का येतीन मुकाट्यानं तुमच्याचपाशी."

"येतीन. पण मले चोर समजून येतीन."

वच्छलानं वाढलेलं ताट झाकून ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग बसून कायले राहिले? त्याईले दाखवा ना मोटार कशी जळते ते."

तिनं ते रागानं म्हटलं होतं, पण हिरालालला त्यातून वाट दिसली. जळलेली मोटार उघडली की ती कशानं जळली ते तिच्या पोटात दिसतं. भरणाऱ्यानं काम वाईट केलं असेल तर तार एका जागी फुटते, तिथंच काळं भोक पडतं, बाकीची तार लाल राहते. दाब कमी पडून जळलेली मोटार वेगळी असते. तिची सगळी तार चहूकडून सारखी कोळसा होते. आणि त्याहून मोठा पुरावा होता मंदाबाईंचा.

मंदाबाई बोरटोलीच्या. त्यांचं शेत नदीकाठच्या लायनीच्या अगदी शेवटी. नवरा गेल्यावर पाच एकर धान त्या एकट्या पाहत. फेब्रुवारीत त्यांनी कोरी मोटार आणली, कारखान्याची, शिक्क्यासकट. नवव्या दिवशी ती जळली; तेव्हापासून धान शेजाऱ्याच्या उरल्यासुरल्या पाण्यावर होतं. कारखान्याशी लिहापढी चालू होती म्हणून त्यांनी ती कुणाला उघडू दिली नव्हती. हिरालाल सायकलनं त्यांच्याकडं गेला.

"मंदाबाई, तुमची मोटार मी भरली होती का?"

"तुमी कायची भरली, भाऊ? तुमचा तर हात बी नाही लागला तिले."

"तेच साहेबासमोर सांगान?"

मंदाबाईंनी बांधीकडं, धानाच्या वाफ्याकडं, बोट केलं. धान निसवायला, लोंब्या टाकायला आलं होतं, आणि मातीत बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. "हे पाहा. चार दिवसांत पाणी नाही भेटलं तर ढोराईले टाका लागते. मी साहेबासमोर बी सांगतो आन त्याच्या बायकोसमोर बी सांगतो."

तिसऱ्या दिवशी भय्याजींच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सात जळक्या मोटारी चढल्या. मंदाबाई त्यांच्यामध्ये पोत्यावर बसल्या. भंडाऱ्याला विजेच्या बोर्डाच्या ऑफिसात शिपायानं त्यांना फाटकावर अडवलं, तेव्हा त्याला न जुमानता हिरालाल आणि भय्याजींनी मोटारी एकेक करून उचलल्या आणि व्हरांड्यात, मोठ्या साहेबांच्या दारासमोर, ओळीनं मांडल्या. करपलेल्या वार्निशचा वास ऑफिसभर पसरला. कारकून नाकाला रुमाल लावून बाहेर आले. शेवटी मोठे साहेबही आले.

"हा काय प्रकार आहे?"

"साहेब, तुमच्या डिप्टी साहेबांनी लिवलं का या मोटारी मी जाळल्या," हिरालाल म्हणाला. "मी म्हणतो, माह्यावर केस करा. पण आधी पाहून घ्या." त्यानं मंदाबाईंची मोटार पुढं ओढली. "हे कंपनीचं सील. पाहा, तुटलं नाही. आता तुमच्यासमोर उघडतो."

त्यानं पान्यानं झाकण काढलं. आत सगळी तार एकसारखी काळी होती. कोळशाची भुकटी साहेबांच्या पांढऱ्या बुटांवर पडली. मग त्यानं दुसरी उघडली, तिसरी उघडली. साहेब वाकले. हात मळवायची सवय मोडलेला, पण कधीकाळी हे काम शिकलेला माणूस होता तो. त्यांनी तारेला बोट लावून पाहिलं.

"सगळीकडून जळली आहे," ते हळूच म्हणाले.

"कोऱ्या मोटारीचं रिवाइंडिंग मी केव्हा केलं, साहेब? तेवढं सांगा."

साहेबांनी बोटावरची काजळी रुमालाला पुसली. "पुढच्या बुधवारी मी स्वतः येतो. जागेवर व्होल्टेज मोजू," असं म्हणून ते आत गेले.

बुधवारी सकाळपासून बोरटोलीला मंदाबाईंच्या शेतावर माणसं जमली. हिरालाल आपलं मीटर घेऊन आठ वाजताच आला होता. येऊन पाहतो तर काटा चारशे पाचवर. त्याला वाटलं मीटर बिघडलं. त्यानं जोडण्या सोडून पुन्हा लावल्या. चारशे पाच. बरोबर आणलेली एक भरलेली मोटार जोडून पंप सुरू केला तर पाणी असं धो धो आलं की पाटाचा काठ फुटला. या शेतानं दोन वर्षांत असं पाणी पाहिलं नव्हतं.

अकरा वाजता जीपगाडी आली. मोठे साहेब उतरले, मागून डिप्टी साहेब. त्यांनी स्वतःचं मीटर लावलं. चारशे सहा.

डिप्टी साहेब गोड हसले. "सर, हेच मी लिहिलं होतं. सप्लाय ठीक आहे. हे लोक अर्धवट शिकलेल्या माणसांकडून मोटारी दुरुस्त करून घेतात, आणि मग बोर्डाच्या नावानं ओरडतात."

गर्दीतले लोक हिरालालकडं पाहू लागले. केशवरावांनी मान दुसरीकडं वळवली. हिरालालनं मीटरच्या जोडण्या पुन्हा चाचपल्या. आपण वेडे आहोत की काय, असंही क्षणभर त्याला वाटलं. एवढ्यात बांधावरून भय्याजींचा चुलतभाऊ तेजराम सायकल रेटत आला. त्याचं शेत जंगलाकडच्या लायनीवर.

"भय्याजी," तो धापा टाकत म्हणाला, "इथं लायन आहे का? आमच्याकडं सकाळी सात वाजतापासून थेंबभर करंट नाही. बाजाराकडच्या लायनीवर बी नाही. चक्की बंद, पंप बंद, सारं बंद."

हिरालाल ताडकन उभा राहिला. चिचटोल्याच्या सबस्टेशनातून तीनच लायनी निघत होत्या : नदीकाठची, जंगलाकडची आणि बाजाराकडची. दोन बंद ठेवल्या की सगळी वीज तिसरीला मिळणार, हे समजायला इंजिनिअर लागत नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज चिरकला नाही. "वीस गावं मारून तुमाले एका गावात चारशे व्होल्ट दाखवले यांनी. इथं मोजून काही होत नाही. सबस्टेशनवर चला."

"सर, तिकडं मेंटेनन्स चालू आहे," डिप्टी साहेब घाईनं म्हणाले.

"चला साहेब. आत्ता चला. नाही आले तर हे सारे लोक इथं साक्षीले आहेत का तुमी नाही आले."

मोठ्या साहेबांनी डिप्टींकडं पाहिलं. मग जीपमध्ये बसले आणि हिरालालला म्हणाले, "बसा तुम्हीही." डिप्टी साहेबांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, हिरालाल बसला. मागून ट्रॅक्टर आणि सायकलींवर शेतावरची माणसं निघाली.

सबस्टेशनवर जागेश्वर भोयर ड्यूटीला होता. जागेश्वर ऑपरेटर, तासातासाला काट्यांवरचे आकडे रजिस्टरात लिहायचे आणि लायन ट्रिप झाली की पुन्हा चढवायची, हे त्याचं काम. चाळिशीचा, मितभाषी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मेंटेनन्सचा एकही माणूस तिथं नव्हतं. पॅनेलवर दोन लायनींच्या मुठी खाली होत्या.

"या का बंद आहेत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

जागेश्वरनं डिप्टी साहेबांकडं पाहिलं आणि खाली मान घातली.

"चालू करा दोन्ही."

जागेश्वरनं पहिली मूठ चढवली. धाड्कन आवाज झाला. अकराच्या आकड्यावरचा, म्हणजे अकरा हजार व्होल्टवरचा काटा दहावर आला. दुसरी चढवली. सकाळपासून थांबलेले शेकडो पंप एकाच वेळी उठले. काटा नऊच्याही खाली घसरला, करंटचा काटा लाल रेघ ओलांडून टोकाला जाऊन थरथरत राहिला. बाहेर ट्रान्सफॉर्मरची घरघर वाढत वाढत अशी झाली की फाटकाजवळची माणसं मागं सरकली. दोन मिनिटंही झाली नसतील, सगळं खडाड्कन बंद पडलं. खोलीतला पंखा फिरत फिरत थांबला.

मोठ्या साहेबांनी टेबलावरचं रजिस्टर ओढलं. महिनाभराची पानं उलटली. प्रत्येक दुपारी, प्रत्येक तासाला, एकच आकडा होता : अकरा, अकरा, अकरा.

"हे अक्षर तुमचं?"

जागेश्वरनं रजिस्टरातल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. हिरालाल दारात उभा होता. दोघं एका शाळेत शिकले होते. जागेश्वरला घरी तीन मुली आणि अंथरुणाला खिळलेली आई आहे, हे हिरालालला माहीत होतं. त्या क्षणी तो खोटं बोलला असता तर हिरालालनं त्याला दोष दिला नसता.

"अक्षर माझं आहे, साहेब," जागेश्वर म्हणाला. "आकडे माझे नाहीत. मले जसे सांगितले तसे लिवले. काटा रोज नऊ दाखवते." मग बांध फुटल्यासारखा तो बोलत सुटला. "दोन वरसं झाले, या सबस्टेशनसाठी नवीन ट्रान्सफॉर्मर मंजूर झाला होता. पाया बी खोदला, ते पाहा तिकडं, त्याच्यात बेशरमाची झुडपं उगवली आता. ट्रान्सफॉर्मर वरठीच्या रेल्वे स्टेशनवर उतरला आन तिथूनच राइस मिलवाल्याईच्या लायनीवर गेला. मंग इथं गरज नाही असं कागदावर दाखवा लागते ना, साहेब!"

डिप्टी साहेब काहीतरी म्हणायला गेले. मोठ्या साहेबांनी हात वर केला, रजिस्टर काखेत घातलं आणि जीपकडं चालू लागले. जाताना त्यांनी हिरालालकडं पाहिलं.

ट्रान्सफॉर्मर आला. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत वरठीला मालगाडीतून उतरला, सोळा चाकांच्या ट्रेलरवर दीड दिवसात चिचटोल्याला पोचला. त्याच्यासाठी रस्त्यावरच्या दोन रपट्यांना, म्हणजे बुटक्या पुलांना, टेकू द्यावे लागले. जुन्या पायातली बेशरम उपटून नवं काँक्रीट ओतलं. नवे ब्रेकर बसले, चौथी लायन निघाली. मार्चमध्ये मंदाबाईंच्या शेवटच्या शेतावर, भर दुपारी, सगळे पंप चालू असताना, हिरालालनं तीनशे नव्वद मोजले. मंदाबाईंनी त्याला काकडी कापून दिली आणि नुसत्या हसत राहिल्या.

पण त्याच्या आधीच, जानेवारीत, जागेश्वरची बदली झाली होती. देवरीच्याही पलीकडं, जंगलातल्या एका सबस्टेशनवर. 'प्रशासकीय कारणास्तव.' डिप्टी साहेब जागचे हलले नाहीत.

हिरालालला ते कळलं तेव्हा तो घरोघरी फिरला. बदली रद्द करा असा अर्ज लिहून आणला होता, फक्त सह्या हव्या होत्या. केशवराव म्हणाले, "सरकारी नोकरी आहे, बदली होतच राहते." कुणी म्हणालं, आता ट्रान्सफॉर्मर येतोच आहे, साहेबाला कशाला डिवचायचं. दहा दिवसांत अकरा सह्या झाल्या. त्यात एक मंदाबाईंची, एक तेजरामची. भय्याजींनीही "पाहू गा, उद्घाटन होऊन जाऊ दे" म्हणून तो कागद खिशात घातला.

"पाणी साऱ्याईले पाहिजे होतं," हिरालाल घरी येऊन वच्छलाला म्हणाला. "ज्यानं खरं सांगितलं तो मात्र कोणालेच नाही पाहिजे."

उद्घाटनाला सबस्टेशनसमोर मंडप उभा राहिला. हार, पेढे, लाउडस्पीकर. डिप्टी साहेब खुर्चीवर होते. त्यांनी भाषण केलं : वाढत्या मागणीचा विचार करून, दूरदृष्टीनं, बोर्डानं ही क्षमतावाढ केली आहे. पुढं बसलेल्या शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. केशवरावांनी तर उभं राहून वाजवल्या.

हिरालाल सगळ्यात मागं, मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याला बोलावलं नव्हतं. तो चालत पुढं गेला. माइक त्यानं मागितला नाही. नुसता मंचासमोर जाऊन थांबला.

"डिप्टी साहेब, मागच्या एप्रिलात तुमी लिवलं का क्षमता पुरेशी आहे आन मोटारी हिरालाल जाळते. मंग हा ट्रान्सफॉर्मर कायले बसवला?"

टाळ्या थांबल्या.

"माझं जाऊ द्या," तो म्हणाला. आता तो साहेबांकडं पाठ करून लोकांकडं वळला होता. "माझं नाव खराब झालं, मी धुऊन काढीन. पण जागेश्वर कुठं आहे? खुर्च्या मांडल्या, हार आणले, त्याची खुर्ची कुठं आहे? तुमच्या बांधीत जे पाणी पडून राहिलं ना, ते त्यानं एक खरं वाक्य बोललं म्हणून पडून राहिलं! त्याची माय इथं खाटेवर आहे आन तो शंभर मैलावर. आन तुमाले एक सही जड झाली? लाज वाटत नाही तुमाले टाळ्या वाजवाले?"

कुणीतरी त्याचा हात धरला. त्यानं झटकला. मंचावर कुजबुज झाली, एक हवालदार उठला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मंदाबाई उभ्या राहिल्या. "हिरालालभाऊले हात नका लावू," त्या म्हणाल्या. आणि मग, का कोण जाणे, त्यांच्या मागच्या दोघीतिघी उभ्या राहिल्या, तेजराम राहिला, मग ती अख्खी ओळ. भय्याजी मंचावर बसले होते. खिशात हात घालून त्यांनी तो घडी पडलेला अर्ज काढला, उघडला, पेढ्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि सगळ्यांसमोर सही केली. सही करताना ते हिरालालकडं पाहू शकले नाहीत.

मंडप सुटेपर्यंत एकशे चाळीस सह्या झाल्या. केशवराव तोवर निघून गेले होते.

जागेश्वर परत आला, पण त्याला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत त्याची आई वारली. तो परतल्यावर सगळ्यात आधी हिरालालच्या दुकानात आला.  हिरालालनं चहा मागवला.

"मले माफ कर," हिरालाल म्हणाला. "मीच साहेबाले तुह्या दारात आणलं."

"तू नाही आणलं," जागेश्वर म्हणाला. "मी किती दिवस खोटं लिवलं असतं?"

ते पत्र मात्र बोर्डानं कधी मागं घेतलं नाही. हिरालाल तीनदा भंडाऱ्याला जाऊन आला. पहिल्यांदा फाइल साहेबांकडं होती, दुसऱ्यांदा साहेब बदलले होते, तिसऱ्यांदा कारकून म्हणाला, "आता तुमच्याकडं लाइट चांगली आहे ना? मग झालं तर." हिरालालनं त्याच्या टेबलावर मूठ आपटली. शाईची दौत उडाली. "नाही झालं," तो म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो असं सांगून जिना उतरला.

दुकानात मोटारी येणं निम्म्याहून कमी झालं होतं. बाजारात ओळखीच्या कुणीतरी त्याला हटकलं, "काय हिरालालभाऊ, आपल्या हातानं आपला धंदा बसवला ना?"

"बसवला," हिरालाल म्हणाला. "चांगल्या कामासाठी बसवला." आणि बसथांब्याकडं निघाला, कारण भंडाऱ्याची गाडी यायची वेळ झाली होती.